सालदाराचा रविवार

खान्देशात वर्ष दोनदा बदलतं. पंचांगाचं पाडव्याला आणि शेतीचं आखाजीला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. पाटलाच्या ओट्यावर दोन-चार जाणती माणसं बसतात. धान्य किती, रोख किती, धोतरजोडी एक की दोन, घोंगडी नवी की जुनीच चालवायची, गेल्या सालातली उचल किती फिटली आणि किती अंगावर राहिली. एकदा साल ठरलं की गडी बारा महिने बांधला. औत त्याचं, राखण त्याची, पाटलीणबाईंना माहेरी पोचवायची गाडीही त्यानेच जुंपायची. सुटी हा शब्द त्या बोलण्यात कुठे येतच नसे. पोळ्याला सुटी बैलांना, आणि त्या सुटीत बैल धुवायचं, शिंगं रंगवायचं काम सालदाराला.

अशाच एका आखाजीला, पारोळा-अमळनेरच्या मधल्या बोरीकाठच्या एका गावात, माझ्या पणजोबांनी सालात रविवार मागितला.

'पहिल्या लढाईच्या आगेमागे' असा या गोष्टीचा काळ आमच्या घरात सांगतात. आबा, म्हणजे आजोबा, ती सांगायचे तेव्हा ती श्रद्धेची गोष्ट असायची, आवाज चढायचा आणि शेवटी प्रार्थना व्हायची. आजी सांगायची तेव्हा ती ज्वारीची गोष्ट असायची. आत्या अजून आहे. ऐंशी पार केली, पण जीभ शाबूत. ती सांगते तेव्हा गोष्ट तिसऱ्याच माणसाची होते.

पणजोबा छप्पन्यातलं पोर. विक्रम संवत 1956, इंग्रजी 1899-1900. खान्देश, वऱ्हाड, गुजरात सगळीकडे पाऊस गेला, आधी गुरं मेली आणि मग माणसं. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर मोजदाद ठेवायलाही कोणी उरलं नाही. पंडिता रमाबाई त्या सुमारास गुजरातेत फिरून अनाथ मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणत होत्या. त्याआधी 1897 साली त्यांनी मध्य प्रांतातूनही अशाच मुली आणल्या होत्या. आमच्याकडे पूर्वेला, भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात, ए. बी. सिम्प्सन यांच्या अलायन्स मिशनची अमेरिकन माणसं होती. त्यांचं जुनं ठाणं अकोल्याचं. पश्चिमेला स्कँडिनेव्हियन अलायन्सवाले आले. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश उपदेशकाने 1890 साली शिकागोत उभं केलेलं हे मिशन. स्वीडन-नॉर्वे सोडून अमेरिकेत पोट भरायला गेलेल्या शेतकरी, सुतार, मोलकरणींच्या वर्गणीवर चालायचं. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात त्या काळाची खूण अजून आहे. थंडीतली माणसं ती, तापीकाठच्या वैशाखात काय होत असतील देव जाणे. त्यांतली कित्येक इथेच मातीआड झाली.

पणजोबांना कोणी उचललं, कोणत्या बंगल्यात नेलं, हे सांगताना आबा दर वेळी नवा गोरा साहेब उभा करायचे. पेज मिळाली, पाटी मिळाली, बाप्तिस्मा मिळाला, थोडी सुतारकी मिळाली, हे मात्र पक्कं. मोठा झाल्यावर मिशनच्या आवारात नोकरी धरून राहायची सोय होती. कित्येक राहिले. पणजोबा गावी परतले. का परतले, यावर आबांचं म्हणणं 'साक्ष द्यायला', आणि आजीचं म्हणणं 'भाऊ होता ना तठे'. दुष्काळात वाचलेला एक भाऊ गावातच होता, आणि तो ख्रिस्ती नव्हता.

गावाने 'पोटासाठी बाटला' असं म्हणायचं ते म्हटलंच. भूकमारीत पेज पिऊन जो देव मिळाला, तो सुगी आल्यावर टिकतो का, हे पाहायला सगळे टपलेले. खरं सांगायचं तर तो प्रश्न अगदीच गैर नव्हता. मिशनवाल्यांनाही तो रात्री छळत असणार.

अशा माणसाने ओट्यावर रविवार मागितला.

पाटील हसला म्हणतात. "रविवारले बैलेसले पानी कोन पाजी? तुना देव?"

"बैलेसले पानी मीच पाजसू. औत धरनार नही."

मग मोलभाव झाला. पाटील ओरडला नाही, आबांच्या गोष्टीतल्यासारखा छळवादीही नव्हता. त्याने सरळ हिशेब केला. वर्षाचे बावन्न रविवार, म्हणजे जवळजवळ दोन महिने गडी बसून. बाकीचे सालदारही उद्या सोमवार मागतील, महादेवाचा म्हणून. शेवटी दोन मण ज्वारी कमी घेऊन पणजोबांनी रविवार घेतला. कागद नाही, सही नाही. चार माणसांदेखत शब्द.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने. लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार म्हणूनही मागितला होता. कचेऱ्या, शाळा, तुरुंग यांना रविवार सरकारने दिला. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर बोलायला रविवारच धरला. 21 फेब्रुवारीला पहिला अध्याय, 19 जूनला अठरावा, अठरा रविवार आणि अठरा अध्याय, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी, जे आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. आबांना या गोष्टीची फार गंमत वाटे. "आपला वार त्यांनाही पावला," म्हणायचे. पण शेतावरच्या गड्यापर्यंत तो वार आजतागायत आपोआप पोचलेला नाही. पणजोबांनी तो धान्य मोजून घेतला.

त्यांचा रविवार असा असे. पहाटे अंधारात गोठा. शेण काढायचं, गव्हाणीत कडबा टाकायचा, बैल नदीवर नेऊन पाणी दाखवायचं. यावर मिशनमधल्या कोणा सोवळ्या भावाने हरकत घेतली होती, की हेही कामच. पणजोबांना वाचता येत होतं. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल तुमच्यापैकी कोण बाहेर काढणार नाही, असं येशूने परुश्यांना विचारलेलं त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातून काढून दाखवलं. वर असंही म्हणाले म्हणतात, की दहा आज्ञांतल्या विसाव्याच्या आज्ञेत बैलाचंही नाव आहे, पाटलाला हे कोणीतरी सांगा. मग आंघोळ, धुतलेलं धोतर, आणि पायी अमळनेर. उपासना, भजन, पाळकसाहेबांचा संदेश, मंडळीतल्यांशी दोन गोष्टी, आणि दिवेलागणीला परत, की पुन्हा गोठा.

श्रावणात एक रविवार जड जायचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, अंगावर दागिने, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर निरोप. पाटलाच्या वाड्यात कानबाई मोठी. पाण्याचे हंडे, पाट, चुलवण उचलायला गडी लागायचे, आणि नेमका हा गडी नाही. पणजोबा आदल्या शनिवारी मध्यरात्रीपर्यंत राबून सगळं पाणी भरून ठेवायचे. देवीपुढे हात जोडायचे नाहीत, पण तिच्या पाहुण्यांना पाणी कमी पडू द्यायचे नाहीत. मला हे त्या रविवारच्या उपासनेइतकंच महत्त्वाचं वाटतं. आबा मात्र हा भाग सांगताना जरा घाईत असायचे.

आता मृगाच्या रविवारची गोष्ट. हिच्यावरून आमच्या घरात भांडणं झाली आहेत.

त्या साली मृगाने ओढ दिली होती. शनिवारी रात्री पाऊस कोसळला, पहाटे थांबला. रविवारी दुपारपर्यंत वाफसा येणार, आणि आभाळ पुन्हा भरत होतं. वाफशावर पेरलं तर पेरलं, नाहीतर चिखल आणि मग आठ दिवसांची वाट. पाटील सकाळी पणजोबांच्या दाराशी आला. गावकुसाबाहेर. आतापर्यंत तो त्या वाटेला कधी आला नव्हता. आला, उभा राहिला, आणि काही बोलला नाही. ठरलेला शब्द त्यानेही पाळला. पेरणीला चल असं तोंडाने म्हटलं नाही.

आबांच्या गोष्टीत पणजोबा पाटलाला सलाम करतात, बायबल काखेत मारतात आणि अमळनेरची वाट धरतात. दोन दिवस आभाळ कोरडं राहतं, सोमवारी पेरणी होते, आणि त्या वर्षी पाटलाच्या शेताइतकी बाजरी कुठेच पिकत नाही.

आत्याने ही गोष्ट खुद्द पणजीकडून ऐकली. त्या गोष्टीत पणजोबा धोतर बदलतात, जुनं नेसतात आणि शेतावर जातात. पाभर जुंपतात. चाड्यावर मूठ कोणी धरायची? बाई हवी, हात सैल पण सारखा हवा. म्हणून पणजीही जाते. दिवस मावळेपर्यंत दोघं पेरतात. रात्री घरी येऊन चिमणीच्या उजेडात दोघं गुडघ्यावर बसतात आणि पणजोबा रडतात. पणजी रडत नाही, कारण चूल पेटवायची बाकी असते. पुढच्या रविवारी ते मंडळीत उभे राहून सगळं सांगतात. कोणी समजतं, कोणी तोंड फिरवतं.

मी आत्याच्या बाजूची आहे. आबांच्या गोष्टीत देव पाऊस थांबवतो, म्हणजे निष्ठेला काही खर्चच येत नाही. शिवाय बाजरी सगळ्यांत जास्त पिकली हे सांगणारा माणूस सालदाराचा मुलगा होता, पाटलाचा नव्हे. आत्याच्या गोष्टीतला पणजोबा दोन शब्दांत अडकलेला आहे: एक देवाला दिलेला, एक मालकाला. त्याने त्या दिवशी मालकाचा पाळला असेल, तर तो ख्रिस्ती म्हणून उणा ठरला, असं मला वाटत नाही. बैल विहिरीत पडला होता, एवढंच.

पण आत्याला हाही मुद्दा महत्त्वाचा वाटत नाही. "दोन मन ज्वारी," ती म्हणते. "ती कोठून भरनी, इचार."

ती ज्वारी पणजीने भरून काढली. आजीची ज्वारीची गोष्ट हीच. खळी उठली की पणजी शेताशेतांतून सरवा वेचायला जायची; कापलेल्या ताटांखाली पडलेली, पाखरांनी सोडलेली कणसं. दिवाळीपुढे कपाशीची वेचणी, वजनावर मजुरी. पाठीला झोळी, झोळीत कापूस, झोळीवर पोर. बोंडांची टोकं लागून नखांच्या कडा फाटायच्या. रात्री ती बोटांना गोडेतेल लावून बसायची आणि म्हणून पीठ मळायला पोरीला सांगायची. हे सगळं सोमवार ते शनिवार. रविवारी नवरा अमळनेरहून चार भावांना जेवायला घेऊन येई, कारण पाहुणचार हा ख्रिस्ती गुण. पाच-सहा माणसांच्या भाकरी थापणं हे काम की विसावा, असं तिला कोणी विचारलं नाही. पाळकसाहेब रूथची गोष्ट सांगत, परक्या देशात सासूसाठी सरवा वेचणाऱ्या सुनेची, आणि पणजोबांचे डोळे भरून येत. बाजूच्या सतरंजीवर बायकांत बसलेल्या आपल्या बायकोकडे त्यांनी तेव्हा पाहिलं होतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात बायबलच्या खालोखाल ज्यांचं नाव, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं पाहा. त्यांचा खान्देशाशी धागा आहे तो जळगावचा. 1907 साली जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं. त्यात धरणगावकडचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे कविता म्हणाला, आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. टिळक तिथे होते. पुढे त्यांनी या पोराला आपल्या घरी नगरला नेलं. ठोंबरे हिंदूच राहिला; टिळकांच्या घरात पोरासारखा वाढला, रुसला, लिहीत सुटला. 1918 च्या मे महिन्यात भादलीच्या स्टेशनाजवळ रुळांवर तो गेला, आणि वर्षाने टिळकही गेले. धर्म न बदलता माणूस आपला होतो, हे टिळकांनी करून दाखवलं, याचा आबांना अभिमान. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा असलेला, हेही आबा सांगायचे.

आणि आजी मध्येच विचारायची, पगार सोडल्यावर घरात पीठ कुठून यायचं?

'स्मृतिचित्रे' तिने वाचलेलं होतं. आमच्या घरातली प्रत पाठीशी उसवलेली, कारण ती पाट्यावरवंट्याजवळ राहायची. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं हे पुस्तक लोक विनोदासाठी वाचतात, भाषेसाठी वाचतात. आजी ते ओळखीसाठी वाचायची. नवरा 1895 साली ख्रिस्ती होतो, बायको सोवळ्यात मागे उरते, पाच वर्षं तडफडते, मग आपल्या पायांनी आपल्या बुद्धीने त्या वाटेवर येते. आणि तिथे आल्यावर बघते तर नवऱ्याचा हात अजून सैलच, घरातली वस्तू दारातल्या माणसाला देऊन मोकळा. टिळकांची श्रद्धा थोर, यात शंका नाही. त्या श्रद्धेचा रोजचा बाजार लक्ष्मीबाईंनी आणला. ठोंबऱ्याला टिळकांनी घरी नेलं खरं, पण ताट कोणी वाढलं? आणि टिळकांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबलं, तेही पुढे नेलं ते लक्ष्मीबाईंनीच.

आजीला ही बाब इतकी चांगली कळायचं कारण भुसावळ.

आबा सालदारीतून सुटले ते रेल्वेमुळे. भुसावळच्या लोको शेडमध्ये लागले, फायरमन झाले. रेल्वेला रविवार नसतो. ड्यूटी लागेल तेव्हा जायचं, आणि 'रेस्ट' मिळेल तो वार आपला. बापाने धान्य मोजून घेतलेला रविवार मुलाच्या हातून असा विनासायास गेला. आबांनी त्यावर तोड काढली. रनिंग रूममध्ये खाटेवर बसून ते त्या दिवसाचं शास्त्रपठण करायचे, मग वार कुठलाही असो. भुसावळ तेव्हा नाना तऱ्हेच्या ख्रिस्ती माणसांनी भरलेलं: अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याचे, मद्रासकडचे, नगरकडचे मराठी. एकाच्या भाषेत दुसऱ्याला प्रार्थना कळत नसे, पण 'आमेन' सगळ्यांचं एकच.

शेडमधल्यांच्या घरी कोळसा यायचा. चोरी असं कोणी म्हणायचं नाही. डब्यात, पिशवीत, पंच्यात चार ढेकळं घेऊन यायचं, सगळेच आणायचे. आबांनी आयुष्यात एक ढेकूळ आणलं नाही. वरचे साहेब त्यांच्यावर विश्वास टाकायचे, सोबतचे चिडायचे. एकाने विचारलंही, अरे इथे कोण बघतंय? आबांचं उत्तर आमच्या घरात म्हणीसारखं झालंय: "जो देखस तो देखस."

आणि कोळसा नाही म्हणून चूल लाकडावर. क्वार्टरमध्ये धुराला वाट नाही. पावसाळ्यात बाभळीचं जळण ओलं. आजी फुंकणी घेऊन वाकायची, फू करायची, धूर उलटा तोंडावर यायचा. पदराने डोळे पुसायची, पुन्हा फू. शेजारणीच्या शेगडीत रेल्वेचा कोळसा लालभडक, आणि तिचं वरण शिजून खाली उतरलेलं. म्हातारपणी आजीचे डोळे गेले. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, वयाने होतो. आजी म्हणायची, "कोळसाना व्हता." म्हणजे न आणलेल्या कोळशाचा.

ती हे हसत म्हणायची. तिने आबांना कधी कोळसा आणा म्हटलं नाही, आणि मी एकदा तिला तसं विचारलं तेव्हा ती रागावली. "चोरीना कोळसावर परार्थना करानी का?" तिचा नवऱ्याच्या प्रामाणिकपणाला विरोध नव्हता. ती स्वतः त्याच पंगतीतली. धुळ्याकडच्या मंडळीत तिची आई बायबलबाई होती, गावोगाव पायी फिरून ओट्यावर बायकांना गोष्टी सांगणारी, आणि तिचं वळण आजीत उतरलेलं. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की मळण्याआधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी तो डबा उपासनेला. घरात पीठ संपत आलेलं असलं की मूठ लहान व्हायची, पण डबा कोरडा राहायचा नाही. हा नेम तिला कोणी लावून दिला नव्हता आणि तिचं त्यावर कधी भाषण झालं नाही. आबांच्या कोळशावर मात्र मंडळीत दोन वेळा संदेश झाले.

आजीचा खरा हुन्नर दिसायचा आखाजीला. ख्रिस्ती घरात आखाजी करायची की नाही, हा खान्देशातल्या मंडळ्यांचा जुना वाद. आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरणाचे मांडे होतात. आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर, शेजारी आंबे. यातलं काय ठेवायचं? काही घरांनी सगळं टाकलं. काहींनी दार लावून सगळं चालू ठेवलं. आजीने निवड केली, आणि ती कोणाला विचारून केली नाही.

झोका ठेवला. मांडे ठेवले. मांडा करताना तिला पाहणं हा एक सोहळा असे: पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत झुलवत, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत मोठी करायची, आणि पालथ्या तापल्या खापरावर अशी सोडायची की एक सुरकुती पडू नये. गौराईच्या गाण्यांतली सासर-माहेराची ठेवली, देवीची सोडली. पितरांची घागर तिने भरली नाही. त्या दिवशी ती नवा माठ भरून दाराबाहेर ठेवायची, वर पितळी पेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची, छप्पन्यात गेलेल्या आणि बाप्तिस्मा न झालेल्यांचीसुद्धा. त्यांच्यासाठी ती काही मागायची नाही. फक्त नावं घ्यायची.

एका पाळकांना हा माठ खटकला. घागरच ती, दाराबाहेर नेली म्हणून काय झालं, असं ते म्हणाले. आजी पेला विसळत म्हणाली, "पानी पाजाले कसाना धरम लागस, साहेब? पेवा ना." उन्हातून आलेले होते. प्यायले.

हे प्रकरण हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

1950 साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. सवलत हवी तर माणूस हिंदू असायला हवा, अशी अट त्यात होती. 1956 मध्ये शिखांना जागा मिळाली, बौद्धांना ती मिळायला 1990 उजाडलं. ख्रिस्ती आजही बाहेर. गावकुसाबाहेरचं घर तेच, विहिरीवरचा अनुभव तोच, पण रकान्यात ख्रिस्ती लिहिलं की जात संपली असं सरकारी कागद समजतो. गाव तसं समजत नाही, हे कोणाला सांगायचं!

माझे वडील 1956 साली जळगावला कॉलेजात जायला निघाले. फॉर्म भरताना एका भल्या कारकुनाने हळूच सांगितलं, 'हिंदू महार' लिहा, फी माफ होईल, घरी काय करायचं ते करा. त्याचा हेतू चांगला होता. असं पुष्कळांनी केलं, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार वाटत नाही. उपाशी पोराला रकान्यातला शब्द सांगून अडवणारी व्यवस्था आधी दोषी, शब्द बदलणारा बाप नंतर. पणजोबांच्या भावाच्या घरात तो प्रश्न नव्हता, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते सगळे नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्ध झाले. आजही आमच्या लग्नांत एका मांडवाखाली बायबल आणि बुद्धवंदना दोन्ही ओळखीचे असतात.

आबांनी 'ख्रिस्ती' लिहिलं. फी भरावी लागली. आणि आत्याची शाळा सातवीत सुटली.

ती वर्गात पहिली-दुसरी यायची. तिला नर्स व्हायचं होतं. घरी बसली, भावंडं सांभाळली, बाभळीची चूल फुंकली, आणि पुढे वयात आल्यावर नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात आया म्हणून लागली. भुसावळ-सुरत लाइनवरच ते. मावची, भिल्ल बाया डोंगरातून पोरं घेऊन यायच्या, कधी कधी दोन दिवस चालून. आत्याला मावची येऊ लागली. रात्रपाळी, दिवसपाळी, आणि रविवार पुन्हा नाहीच. "उपासना चालू ऱ्हाये, गानं ऐकू ये," ती सांगते, "आनि मन्हा हातमा भांडं." पेशंटचं भांडं. मी विचारलं, वाईट वाटायचं का? ती म्हणाली, कसाचं वाईट, बाई धुतली की ती झोपायची, तिचं पोर झोपायचं, मग मीही भिंतीला टेकून डोळे मिटायची, तेवढीच प्रार्थना.

तिच्या तोंडून आबांबद्दल तक्रार निघत नाही. पण 'आबांनी रकान्यात खरं लिहिलं' असं वडील अभिमानाने सांगू लागले की ती उठून आत जायची. वडिलांना ते कळायला फार वर्षं लागली. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी तिच्या नावाने काही रक्कम बँकेत ठेवली. तिने व्याज घेतलं, मुद्दल मंडळीतल्या मुलींच्या फीला दिलं. नवऱ्याने सोडलेली एक बाई तिच्या मागे लागली होती, मुलीला अकरावीला घालायचं म्हणून. तिथून सुरुवात झाली. आता त्या मुली फोन करतात. आत्या प्रत्येकीला एकच विचारते, रिझल्ट काय?

गेल्या नाताळात माझा भाचा पुण्याहून आला होता. कंपनी परदेशी, कामाच्या वेळा उलट्यासुलट्या, रविवारी पहाटे शिफ्ट. त्याला अपराधी वाटत होतं, आणि म्हाताऱ्या माणसाकडून दोन शब्द ऐकायला तो आत्याजवळ बसला. मोबाइलवर उपासना ऐकतो म्हणाला. प्रभुभोजन चुकतं. बायको दोघांच्या वतीने मंडळीत जाते. बोलता बोलता त्याने पणजोबांचं नाव काढलं, दोन मण ज्वारी काढली, आणि आपल्याला ते जमत नाही म्हणाला. मला वाटलं आत्या आता मृगाची गोष्ट काढणार.

तिने चष्मा काढला, पदराला पुसला.

"रविवारले सैपाक कोन करस?"

"बाहेरून मागवतो, आत्याआजी. दोघांनाही वेळ नसतो."

"मंग चालस," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात अजून एक मांडा वाढायला लावला. त्यालाच.